हिरव्या फळाचा भाव

पोळा झाला, मारबतींच्या मिरवणुका निघून गेल्या, आणि या वर्षीही माझी दुपारची झोप गेली. दर वर्षी याच दिवसांत असं होतं. मनीषनगरच्या या तिसऱ्या मजल्यावरून सिमेंटचा रस्ता, समोरच्या इमारतीच्या टाक्या आणि एक कडुलिंब एवढंच दिसतं. तरी अंगाला कळतं की तिकडे काटोलच्या बाजूला आंबिया बहाराची संत्री आता लिंबाहून मोठी झाली असतील, अजून गर्द हिरवी असतील, आणि व्यापारी बागांमधून फिरायला लागले असतील. फळ पिवळं व्हायला दोन महिने असतात. सौदा मात्र आत्ताच होतो. माझ्या लहानपणी हे दिवस म्हणजे हिरव्या फळाचा भाव ठरवण्याचे दिवस.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, सध्या काय चाललंय?" मी म्हटलं, वाचते आहे. काय वाचते ते सांगितलं नाही, कारण तुम्ही हसला असतात. मी एका कंपनीचं माहितीपत्रक वाचत होते. पाचशेच्या वर पानं, इंग्रजी, बारीक टाईप. मोबाईलवरून कर्ज देणारी कंपनी आहे. तिची शाखा नाही, काउंटर नाही, खुर्चीत बसलेला मॅनेजर नाही. नुकतीच ती शेअर बाजारात उतरली आणि पहिल्याच दिवशी तिचा भाव असा उडाला की पेपरात फोटो आला.

हे वाचन माझ्या गळ्यात घातलं माझ्या धाकट्या भावानं, मिलिंदनं. तुम्ही त्याला एकदाच भेटलात. वाडीचे आजोबा म्हणता ना, तोच. आमच्यात चौदा वर्षांचं अंतर आहे. मधली दोन भावंडं राहिली नाहीत, त्यामुळे तो मला भाऊ कमी आणि मुलगा जास्त. अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात त्यानं बत्तीस वर्षं माल उतरवून घेतला, पावत्या फाडल्या, आणि उन्हाळ्यात निवृत्त झाला. खासगी नोकरी, पेन्शन नाही. एकरकमी जे मिळालं ते आयुष्यभराचं. ते सगळंच्या सगळं त्याला या कंपनीच्या शेअरमध्ये घालायचं होतं.

"सगळे घेऊन राहिले, ताई," तो म्हणाला. "गोदामातला हमाल घेऊन राहिला. मीच तेवढा बावळा."

"मग घे. मला कशाला विचारतोस?"

"तुले इंग्लिश येते ना वं. तू वाच. तू म्हणशील घे, तं घेतो. तू म्हणशील नको, तं नाही."

आयुष्यभर मी हे वाक्य ऐकत आले आहे. घरात पहिली मीच इंग्रजी शिकलेली. कोर्टाची नोटीस आली, विम्याचा कागद आला, दवाखान्याचा रिपोर्ट आला, की नातलग तो माझ्यापुढे ठेवून समोर बसत आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहत. मी गणित शिकवलं छत्तीस वर्षं, पण घरात माझी खरी नोकरी हीच होती. आता डोळे दुखतात. गुडघे तर आधीपासूनच. मला कोणाचं काही वाचायचं नव्हतं. तरी पेन्सिलीला टोक केलं, वहीत समास आखला आणि पान एक उघडलं. सवय माणसापेक्षा चिवट असते.

पहिली शंभर पानं म्हणजे नुसती पानाफुलांची आरास. किती लाख लोकांनी अ‍ॅप उतरवून घेतलं, किती गावांत पोचले, किती सेकंदांत कर्ज मंजूर होतं. आलेख सगळे डावीकडून उजवीकडे चढत गेलेले. वाचताना मला बाबांची आठवण होत होती, आणि मी ती बाजूला सारत होते.

बाबा म्हणजे तुमचे खापरपणजोबा. नाही, चुकले. पणजोबा. बघा, थकले की माझी नाती चुकायला लागतात.

आमचं स्वतःचं संत्र्याचं एक झाडही नव्हतं. पण काटोलच्या भागात बाबांची नजर प्रसिद्ध होती. व्यापारी बाग उभी विकत घेत, म्हणजे झाडावरचं हिरवं फळ आजच्या अंदाजावर घेऊन टाकायचं, पुढे पिकेल तेवढं त्यांचं. त्या अंदाजासाठी ते बाबांना घेऊन जात. बाबा शाळेत चार इयत्तांपलीकडे गेले नव्हते. बागेत शिरताना ते आधी चपला काढत. मग वर बघतच नसत. वाकून झाडाखाली पाहत. गळालेलं एखादं फळ उचलत, अंगठ्यानं दाबत, वास घेत, ठेवून देत. वाटेवरची रांग सोडून सरळ मधल्या रांगेत जात, तिथून पार शेवटच्या कुंपणापर्यंत. मी बरोबर असले आणि वर लगडलेल्या फळांकडे बघायला लागले की म्हणत, "वर नोको पाहू, बाई. झाड वरतून सगळ्यायले चांगलंच दिसते. खाली पाह्य."

तासाभरानं विहिरीच्या काठावर बसून ते आकडा सांगत. इतके हजार फळ. उतरवताना मोजलं तर तो आकडा आगेमागे, पण जवळच निघे.

त्यांचा एक नियम होता. आकडा सांगेपर्यंत त्या बागेतला चहा घ्यायचा नाही. बागवाला चहा आणून ठेवी, तो निवून जाई, बाबा हात लावत नसत. आकडा सांगितला की कप उचलत. आणि ज्या बागेचा अंदाज येत नसे, तिथला चहा तसाच ठेवून उठत. कोणी वाद घालत नसे. थंड कप पाहून व्यापारी समजून जाई. एका कप चहावर माणसाचा शब्द विकला गेला असं कोणी म्हणू नये, हे त्यांचं कारण. दुसरं कारण ते सांगत नसत, आईनं सांगितलं. बौद्ध होण्याआधी, तरुणपणी, त्याच बागांमध्ये त्यांच्यासाठी झाडाला टांगलेला वेगळा कप असे. पुढे नजरेची ख्याती झाली आणि घरातला बशीचा कप येऊ लागला. तो कप त्यांना उगाच मिळालेला नको होता.

असो. माहितीपत्रकाच्या तीनशे कितव्या पानावर मी झाडाखाली वाकले.

तुम्हाला सोपं करून सांगते. कर्ज देणाऱ्या कंपनीत बघायचं काय, तर दिलेला पैसा परत येतो की नाही. ही कंपनी सांगते, शंभरातले अगदी थोडे बुडतात. आकडा खरा असेल, मला त्यात खोट दिसली नाही. पण तिची कर्जं आठ-दहा महिन्यांची. ती बुडणार की नाही हे कळायला तितकेच महिने जावे लागतात. आणि कंपनी दर तिमाहीला आधीपेक्षा कितीतरी जास्त नवी कर्जं वाटते. मग शंभरात किती बुडाली हा भागाकार करताना त्या शंभरात कालपरवा दिलेलीही धरली जातात. त्यांना बुडायला अजून सवडच मिळालेली नाही. जुन्या झाडांची गळ नव्या हिरव्या फळांनी झाकून जाते. बहार वाढत राहिला तर प्रश्न नाही. एका वर्षी थांबला, की जमीन दिसेल.

आणि शेअरचा भाव? तो कंपनीच्या गाठीला असलेल्या पैशाच्या किती पट आहे ते मी काढलं. दोनदा काढलं, कारण पहिल्यांदा वाटलं दशांशचिन्ह चुकलं. ती जादा पट म्हणजे दुसरं काही नाही, पुढचे पाच-सात बहार असेच येतील हा लोकांचा भरवसा. येतीलही. मी कोण नाही म्हणणारी?

त्यात त्याच आठवड्यात शालूनं माझा गोंधळ वाढवला. शालू माझ्याकडे स्वयंपाकाला येते. टेबलावरच्या कागदाचं पहिलं पान बघून ती थबकली.

"काकू, हे तं माझंच दुकान आहे!"

तिनं मोबाईल काढून दाखवला. तेच चिन्ह, तोच रंग.

"तू कर्ज घेतलंस?"

"हे तिसरं. पहिलं मिक्सरसाठी. दुसरं घेतलं तं त्याच्यातून पहिलं फेडलं. याच्यातून दुसरं."

"आणि हे कशातून फेडणार?"

"पाहू ना." ती कणीक मळायला लागली. "पण हप्ता एक नाही चुकला, काकू. गोल्ड मेंबर आहे मी. बँकेत गेली होती एकदा, तं तिथं बस म्हणाले नाही कोणी. इथं पाच मिनिटांत पैसे, अन् वरून 'शालूजी' म्हणते."

पोळी लाटता लाटता तिनं मान वळवली. "भाव वाढला म्हणता ना कंपनीचा? म्हणजे त्याच्यात थोडा माझाच पैसा असंन."

"असेल."

"मग मालकीणच झाली की मी," ती म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर हसली. मीही हसले. पण ती गेल्यावर वही उघडली आणि पेन्सिल हलेना. कंपनीच्या कागदात शालू म्हणजे सगळ्यात रसरशीत फळ. तीन कर्जं, एकही हप्ता चुकलेला नाही. ती झाडावरची की झाडाखालची, हे मला ठरवता येईना. तिला मिळालेलं 'जी' खोटं होतं का? तेही म्हणवेना.

अशा वेळी मला तो हंगाम आठवतो, आणि तो आठवू नये म्हणून मी आयुष्यभर याच दिवसांत कपाटं आवरत आले आहे.

मी नागपूरला वसतिगृहात राहून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. पोळ्याला घरी आले ती पांढऱ्या पट्ट्यांच्या नव्या चपला घालून. शिष्यवृत्तीच्या पैशांतून घेतलेल्या माझ्या पहिल्या शहरी चपला. तेव्हा मी सरासरी शिकले होते. सगळं मोजायची गरज नसते, थोडं नीट मोजावं आणि गुणावं, हे मला जगातलं सगळ्यात सुंदर सत्य वाटत होतं. त्याच आठवड्यात एका मोठ्या बागेचा सौदा होता आणि बाबांना हिवताप भरला. तरी बैलांच्या दमणीत बसून गेले. मीही गेले. बागेशी पोचेस्तोवर त्यांना इतकी थंडी वाजायला लागली की ते विहिरीपाशी घोंगडी घेऊन बसून राहिले.

"तू पाहून ये, बाई," ते म्हणाले. "तू तं शिकलेली आहेस."

रात्रभर पाऊस पडून गेला होता. आत पाऊल टाकलं तर काळ्या मातीत घोट्यापर्यंत रुतत होतं. मी चपलांकडे पाहिलं. धुऱ्यालगतची, म्हणजे बांधाकडची, वाट मुरमाची होती, कोरडी. त्या वाटेवरची बारा झाडं मी फांदी-फांदीनं मोजली, अगदी मन लावून. सरासरी काढली. झाडांच्या संख्येनं गुणलं. वहीचं पान फाडून बाबांना दिलं. बाबांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझ्या चपलांकडे त्यांनी पाहिलं की नाही, हे मला आजवर ठाऊक नाही. मग त्यांनी व्यापाऱ्याला आकडा सांगितला आणि कप उचलला. घोंगडीतून हात बाहेर काढताना चहा बशीत सांडला.

वाटेवरच्या झाडांना विहिरीचं पाणी आणि ऊन दोन्ही मिळत होतं. आतल्या झाडांखाली त्या पावसानं हिरव्या फळांचा सडा पडला होता. तो मी पाहिलाच नव्हता. दोन महिन्यांनी फळ उतरलं ते माझ्या आकड्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. व्यापाऱ्यानं सगळ्या बाजारासमोर बाबांना विचारलं, काय झालं? बाबा म्हणाले, "माही नजर चुकली."

पुढच्या बहाराला त्यांना कोणी बोलावलं नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. ते बाजारात संत्र्याच्या लाकडी पेट्या भरायला आणि ठोकायला लागले, शेवटपर्यंत. मला त्यांनी कधीच काही म्हटलं नाही. बी.एस्सी. झाले तेव्हा पेढे वाटले. मीही कोणाला काही सांगितलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही.

मागच्या रविवारी मी मिलिंदकडे वाडीला गेले. पुढचं सांगण्याआधी एक कबूल करून टाकते. त्या रविवारनंतर रोज त्या शेअरचा भाव चढतोच आहे. आज, हे लिहिताना, तो आणखी वर आहे. मी भावाचं भलं केलं की नुकसान, मला माहीत नाही. तुम्हाला या गोष्टीतून काही शिकायचं असेल तर माझ्या भरवशावर शिकू नका.

त्याचं घर गोदामांच्या मागच्या गल्लीत आहे. दिवसभर ट्रक मागे घेतल्याचा आवाज. त्याची बायको सुनंदा चहाचा कप माझ्यापुढे ठेवून आत गेली. मिलिंद मांडी घालून बसला, मोबाईल उलटा ठेवला, बाबांसारखेच दोन्ही हात गुडघ्यांवर.

"हं, सांग."

"सांगता येत नाही."

"काय सांगता येत नाही? चांगली आहे का खराब आहे, एवढंच तं विचारलं."

"तेवढंच सांगता येत नाही."

"ताई, पाचशे पानं वाचली ना वं तू!"

"वाचली. त्यांनी दाखवली ती झाडं पाहिली. आतली पाहता आली नाहीत. कदाचित आत काहीच वाईट नसेल."

तो चिडला. "असंन-नसंन काय? लोकं न वाचता घेऊन राहिले अन् कमवून राहिले. मी वाचून बसून राहू?" मग माझ्या पुढ्यात पाहून त्याचा आवाज उतरला. "चहा काहून नाही घेऊन राहिली? साखर टाकली का हिनं जास्त? ओ सुनंदा..."

"चहा चांगलाच असेल," मी म्हटलं. "बाबांचा नियम आहे."

"कोणता नियम?"

त्याला माहीत नव्हता. मग मी सांगायला लागले. चपला काढून बागेत जाणं, मधली रांग, अंगठ्यानं दाबलेलं फळ, थंड झालेला कप. आणि थांबता आलं नाही म्हणून पुढचंही सांगितलं. हिवताप, मुरमाची वाट, पांढऱ्या पट्ट्यांच्या चपला, वहीचं फाडलेलं पान. चोपन्न वर्षं जे कोणाला सांगितलं नव्हतं ते दहा मिनिटांत संपलं. मी मान खाली घालून बसले. तो काय म्हणेल याची तयारी माझी केव्हापासूनची होती. तुझ्यामुळं, म्हणेल. पेट्या ठोकता ठोकता बापाचे हात गेले ते तुझ्यामुळं.

बाहेर एक ट्रक मागे येत होता, येतच होता.

"बाबा बगीचे पाहत?" तो म्हणाला.

"हो."

"आपले बाबा?"

"हो रे."

"मले तं ते पेट्या ठोकतानाच आठवते. तोंडात चार-पाच खिळे धरून. बोललो तं बोलत नव्हते, खिळ्यायनं." त्यानं ओठ मिटून दाखवले. "मले वाटे, ते पहिल्यापासून तेच करत."

तो तेव्हा चार वर्षांचा होता. हे मी कधी मोजलंच नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत आलं की मी एका हंगामात बाबांची इभ्रत घालवली. मिलिंदच्या वाट्याचा तो माणूसच मी घालवला होता, आणि त्याला ते माहीतही नव्हतं.

मिलिंदनं मोबाईल उचलला, पाहिला, खिशात टाकला.

"थांबतो मग मी," तो म्हणाला. "कधी कळंन तुले?"

"आत्ता वाटलेली कर्जं फेडायची मुदत उलटेल तेव्हा. वर्षभर तरी."

"तोवर भाव कुठच्या कुठं जाईन."

"जाईल."

"जाऊ दे." त्यानं माझा कप आपल्याकडे ओढला, चहावर आलेली साय बोटानं काढली, पण प्यायला नाही. तसाच धरून बसला. "खरंच चांगली होती का वं त्यायची नजर? का तू उगाच म्हणून राहिली?"

"काटोलात तशी दुसरी नव्हती," मी म्हटलं. "व्यापारी घरी येऊन बसत. बाबा उठेपर्यंत ओसरीवर वाट पाहत."

"आपल्या घरी? ओसरीवर?"

"आपल्या घरी."

त्यानं मान वळवली आणि आतल्या खोलीकडे हाक मारली. "सुनंदा! हातातलं राहू दे. इकडं ये वं जरा. ताई बाबाचं सांगून राहिली." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पहिल्यापासून सांग."